परदेशी पक्षी, लपवलेले डबे : जिओकॅशिंगची सहल आखताना

जिओकॅशिंग हा जीपीएसवर चालणारा लपाछपीचा खेळ. एकजण डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीचे फोन किंवा जीपीएस यंत्र घेऊन तो शोधतात, आतल्या नोंदवहीत नाव-तारीख लिहितात आणि डबा होता तिथे, होता तसाच परत ठेवतात. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारी यंत्रं एकदम दहा-वीस मीटरवर आली आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात पहिला डबा ठेवला. ती एक अर्धवट पुरलेली बादली होती आणि आतल्या वस्तूंत बीन्सचा एक कॅनही होता. आजच्या नियमांत ही बादली नापास झाली असती: डबा पुरायचा नाही आणि आत खाण्याचं काही ठेवायचं नाही.

या खेळात परदेशी पक्ष्यांचा विषय घेतला की पहिलीच अडचण उभी राहते. डबा जागचा हलत नाही, पक्षी जागेवर थांबत नाही. काही डब्यांची जागा थेट सांगत नाहीत; प्रश्नांची उत्तरं क, ख, ग अशा अक्षरांच्या जागी घालून तिचे अक्षांश-रेखांश काढायचे असतात. ‘तळ्यावर किती इजिप्शियन हंस आहेत ते मोजा, तो आकडा म्हणजे क’ असा प्रश्न कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात सकाळी सात दिसतात, दुपारी एकही नाही, आणि पुढच्या आठवड्यात पिल्लं धरून बारा. मग एकाच डब्याच्या तीन वेगवेगळ्या जागा निघतात. म्हणून आखणी करताना दोन गोष्टी धरून चालायचं: पक्षी दिसला नाही तरी सहल पूर्ण झाली पाहिजे, आणि दिसला तर आपल्यामुळे त्याला त्रास होता कामा नये.

परदेशी कोणाला म्हणायचं?

‘बाहेरून आलेला तो परदेशी’ एवढ्यावर भागत नाही. कसोटी एकच: माणसाने आणला की स्वतः उडत आला? हिवाळ्यात स्थलांतर करून येणारी बदकं पाहुणी असतात, त्यांना या यादीत घ्यायचं नाही. वादळात भरकटलेला एखादा पक्षीही नाही. माणसाने मुद्दाम सोडलेले किंवा पिंजऱ्यातून निसटलेले पक्षी मात्र यादीत येतात, आणि त्यांच्यातही पायऱ्या आहेत. कालच कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला एकटा पोपट हा फक्त निसटलेला पक्षी. त्याच जातीचे पक्षी जोड्या जमवून, पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं वाढवून स्वतःच्या बळावर टिकले, की ती जात तिथे स्थिरावली असं म्हणतात. स्थिरावलेल्या जातीमुळे स्थानिक जीवांचं किंवा शेतीचं खरोखर नुकसान होत असेल तरच तिला आक्रमक म्हणायचं. प्रत्येक परदेशी पक्षी आक्रमक नसतो. सहलीच्या माहितीपत्रकात ही चूक सर्रास दिसते.

ही कसोटी किती बारीक आहे ते गायबगळ्यावरून कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आफ्रिकेतून अटलांटिक ओलांडून स्वतःच दक्षिण अमेरिकेत पोचला आणि तिथून उत्तरेकडे पसरला. अमेरिका खंडात तो नवा आहे, पण त्याला कोणी आणलेलं नाही. हवाई बेटांवर मात्र १९५९ साली गुरांवरच्या माश्या-किडे कमी व्हावेत म्हणून त्याला मुद्दाम नेऊन सोडलं. पक्षी एकच, पण एका ठिकाणी तो यादीबाहेर आणि दुसऱ्या ठिकाणी यादीत.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा १०० आक्रमक जातींची यादी केली आहे. तिच्यात पक्षी तीनच आहेत: साळुंकी, लालबुड्या बुलबुल आणि युरोपीय स्टार्लिंग. पहिले दोन मूळचे आशियातले. साळुंकी १८६० च्या दशकात किडे खाण्यासाठी म्हणून ऑस्ट्रेलियात नेली गेली. बुलबुल फिजी, हवाईसारख्या बेटांवर पोचला. ज्यांच्या अंगणात हे पक्षी रोज दिसतात त्यांना ही यादी पहिल्यांदा वाचताना खरी वाटत नाही.

आपण सहल जिथे काढणार तिथे कोणत्या जाती आहेत, हे इंटरनेटवरून उचललेल्या यादीवरून ठरवू नका. ईबर्डसारख्या नोंदणी-संकेतस्थळावर त्या भागाच्या नोंदी पाहा. तिथे परदेशी जातींना स्थिरावलेली, स्थिरावू पाहणारी आणि निसटलेली अशा तीन प्रकारच्या खुणा असतात. सहलीसाठी स्थिरावलेल्या जातीच निवडाव्यात. निसटलेला पक्षी सहा महिन्यांनी तिथे असेल याची खात्री नसते, आणि डबा तर वर्षानुवर्षं राहणार आहे.

उत्तर एकच निघालं पाहिजे

बहुतेक सहली इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर.

अशा सहलीला सर्वांत सोयीचा प्रकार म्हणजे मल्टी-कॅश, म्हणजे अनेक टप्प्यांचा डबा. पहिल्या टप्प्याचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. तिथे आणि पुढच्या टप्प्यांवर प्रश्न सोडवत आकडे जमवायचे, आणि ते जोडून अंतिम डब्याची जागा काढायची. नवख्यांसाठी चार-पाच टप्पे आणि तीन-चार किलोमीटरचं चालणं पुरेसं होतं. पक्षी पाहत गेलं तर एवढ्यालाच अडीच-तीन तास लागतात.

अक्षांश-रेखांश लिहायची या खेळातली प्रमाण पद्धत म्हणजे अंश आणि दशांश मिनिटं, उदाहरणार्थ १२° ३४.५६७′. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५२ मीटर. म्हणजे दशांशचिन्हानंतरचा पहिला आकडा एकने चुकला तर आपण १८५ मीटर भलतीकडे जातो, दुसरा चुकला तर १८.५ मीटर, आणि तिसरा चुकला तर जेमतेम १.८५ मीटर. रेखांशाचं मिनिट विषुववृत्तावर एवढंच असतं, ध्रुवांकडे जाताना लहान होत जातं आणि ६० अंशांवर निम्मं होतं. यावरून सरळ नियम निघतो: ज्या उत्तराबद्दल शंभर टक्के खात्री आहे ते पहिल्या आकड्याला द्या, आणि जिथे मोजण्यात चूक होऊ शकते ते शेवटच्या आकड्याला.

एक नमुना करून पाहू. अंतिम जागेसाठी पहिल्या टप्प्याच्या अक्षांशात ०.कखग मिनिटं मिळवायची आहेत. क म्हणजे वरच्या १०० जातींच्या यादीतल्या पक्ष्यांची संख्या: ३. ख म्हणजे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युजीन शिफेलिन यांनी स्टार्लिंग पहिल्यांदा सोडले त्या वर्षातला तिसरा अंक. वर्ष १८९०, म्हणून ९. ग म्हणजे दुसऱ्या टप्प्यावरच्या पक्षी-माहितीफलकाला किती बोल्ट आहेत: ४. मिळवायचे ०.३९४ मिनिटं, म्हणजे सुमारे ७३० मीटर उत्तरेला. एक बोल्ट झुडपाआड लपला आणि कोणी ३ मोजले, तरी ते डब्यापासून दोन मीटरच्या आत पोचतात. क चुकलं तर मात्र १८५ मीटरचा फटका.

याच स्टार्लिंगांवर वाईट प्रश्नही तयार होतो: ‘किती पक्षी सोडले?’ कुठे ६० लिहिलेलं सापडतं, कुठे १००. साठ हा १८९० च्या खेपेचा आकडा; पुढच्या वर्षी आणखी चाळीस सोडले, त्यांची बेरीज शंभर. दोघंही बरोबर आणि दोघांचे डबे वेगवेगळ्या ठिकाणी. चिमणी अमेरिकेत ब्रुकलिनला कधी सोडली याचंही तसंच: १८५१ आणि १८५२ ही दोन्ही वर्षं पुस्तकांत भेटतात. जिथे दोन आकडे फिरत असतील तो प्रश्न सोडून द्यावा. किंवा उत्तर जाग्यावरच्या फलकावरून घ्यायला लावावं, म्हणजे बाहेरच्या कोणत्याही पुस्तकाशी वाद उरत नाही. साउथ डकोटाचा राज्यपक्षी मूळचा आशियातला फेझंट आहे, ब्रसेल्समधले पोपट १९७४ साली तिथल्या एका उद्यानातून सोडलेल्या थव्याचे वंशज आहेत, अशी माहिती प्रश्नाआधीच्या दोन ओळींत गंमत म्हणून द्यायला उत्तम.

उत्तरं पडताळायला आकड्यांची बेरीज देण्याची पद्धत आहे. आपल्या नमुन्यात ३ + ९ + ४ = १६. पण कोणी क आणि ख ची अदलाबदल केली तरी बेरीज १६ च राहते, आणि ०.९३४ मिनिटं म्हणजे तो माणूस तब्बल एक किलोमीटर पुढे जातो. त्यापेक्षा क + २ख + ३ग द्या: बरोबर उत्तराला ३३ येतं, अदलाबदल झाली की २७. एवढ्याशा बदलाने बऱ्याच लोकांची पायपीट वाचते.

चित्र ओळखण्याचे प्रश्न या विषयाला सर्वांत शोभतात. ऑस्ट्रेलियातलं उदाहरण घ्या. साळुंकी तिथे परदेशी आहे आणि तिच्याशी सतत गल्लत होणारा नॉइझी मायनर हा तिथला मूळचा पक्षी. दोघांची चोच पिवळी, डोळ्यामागे पिवळा डाग. पण साळुंकीचं अंग तपकिरी, डोकं काळं, आणि उडताना पंखांवर पांढरे ठळक पट्टे दिसतात. मायनर राखाडी असतो. दोन चित्रं शेजारी छापून ‘परदेशी कोणता?’ विचारलं की उत्तर एकच निघतं आणि माणूस काहीतरी शिकतोही. पोपटाच्या चित्रावर मात्र ‘नर की मादी’ विचारू नका. गळ्यातली काळी-गुलाबी कडी प्रौढ नराला असते, पण कोवळ्या नराला ती नसते, ती यायला दोन-तीन वर्षं जातात. त्यामुळे कडी नसलेला पोपट मादीही असू शकतो आणि कोवळा नरही. ‘गळ्यात कडी आहे का?’ एवढंच विचारा.

पर्यायी उत्तरं दिली असतील तर चुकीच्या उत्तरांच्या जागाही नकाशावर टाकून पाहायच्या. तीन प्रश्न आणि प्रत्येकी तीन पर्याय म्हणजे २७ जागा. त्यातली एखादी रेल्वेरुळांवर, कोणाच्या कुंपणाआत किंवा बगळ्यांच्या सारंगागारात, म्हणजे घरट्यांच्या वसाहतीत, पडत असेल, तर कोणीतरी प्रामाणिकपणे तिथे जाणारच. असा एक जरी बिंदू निघाला तरी आकडे बदला.

डबा, आणि तो कुठे ठेवू नये

डब्याचे आकार ठरलेले आहेत: १०० मिलिलिटरपेक्षा लहान तो मायक्रो, १०० मिलिलिटर ते एक लिटर स्मॉल, एक ते वीस लिटर रेग्युलर. सहलीसाठी एक-दोन लिटरचा, चारही बाजूंनी कड्या लागणारा आणि झाकणात रबरी पट्टी असलेला डबा घ्या. पाणी आत जातं ते बहुधा भोकातून नाही. नोंदवहीची पिशवी झाकणात अडकून पट्टी उचलली जाते आणि तिथून ओल शिरते. म्हणून पिशवी डब्यापेक्षा बरीच लहान हवी. आत पेन्सिल ठेवा. पेनाची शाई ओल लागली की पसरते आणि थंडीत गोठते.

विषय पक्ष्यांचा म्हटल्यावर डबा म्हणून पक्ष्यांचं लाकडी घरटं वापरायचा मोह प्रत्येकाला होतो. दिसतं झकास, पण त्यात पक्षी राहायला येतात. ३२ मिलिमीटरचं भोक चिमणीला पुरतं, ४५ मिलिमीटरचं स्टार्लिंगला. दोन्ही पक्षी जगाच्या मोठ्या भागात परदेशी, म्हणजे ज्यांच्याबद्दल सावध करायचं त्यांनाच आपण घर बांधून दिलं. शिवाय आत अंडी असताना झाकण उघडणं हा अनेक देशांत गुन्हा आहे. ब्रिटनचा १९८१ चा वन्यजीव कायदा वापरात असलेल्या घरट्यांना संरक्षण देतो, मग पक्षी परदेशी का असेना. अमेरिकेचा १९१८ चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा मात्र स्टार्लिंग, चिमणी आणि पारवा यांना लागू होत नाही. सगळीकडे एकच नियम आहे असं समजू नका. घरट्याचा आकार वापरायचाच असेल तर भोक पाडू नका, त्या जागी काळा गोल रंगवा आणि पेटी मागच्या बाजूने उघडेल अशी करा. ती झाडाला खिळ्याने ठोकायची नाही, पट्ट्याने बांधायची.

जागा निवडताना वर बघा. पोपट संध्याकाळी शेकड्यांनी ठरावीक झाडांवर रात्रीच्या वस्तीला येतात. त्या झाडांखाली ठेवलेला डबा आठवडाभरात विष्ठेने माखतो, आणि पोपटांच्या सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार माणसाला होऊ शकतो. मंक पोपटांची गोष्ट आणखी वेगळी. काड्याकाटक्यांचं घरटं बांधणारी पोपटांतली ही एकच जात. अनेक जोड्यांची मिळून एक प्रचंड मोळी तयार होते, आणि ती बऱ्याचदा विजेच्या खांबावर असते. ओल्या काड्यांमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागते. घरटं दुरून दाखवायला सुंदर आहे, पण डबा त्या खांबाजवळ नको. झाडांच्या ढोल्यांत तर डबा कधीच नको. पोपट आणि स्टार्लिंग आधीच ढोल्या बळकावून स्थानिक पक्ष्यांची अडचण करतात, त्यात आपली भर कशाला?

डब्यात दाणे, बिया ठेवायच्या नाहीत, पक्ष्यांसाठी म्हणूनही नाही. वासाने उंदीर-घुशी डबा कुरतडतात, आणि सांडलेल्या बियांतून परदेशी रोपंही उगवू शकतात. भेटवस्तू म्हणून लाकडी पक्षी, बिल्ले, पिसांची चित्रं चालतात; खरी पिसं नकोत, बऱ्याच ठिकाणी ती जवळ बाळगायलाही बंदी असते.

वेगवेगळ्या जिओकॅशचे प्रत्यक्ष डबे एकमेकांपासून किमान १६१ मीटर दूर हवेत. फलक वाचायचे टप्पे याला अपवाद, कारण तिथे आपण काही ठेवत नाही. जमिनीच्या मालकाची किंवा उद्यानाची परवानगी आधी घ्या. आणि डब्याच्या माहितीत ‘साळुंक्या हटवा’ छापाचा प्रचार लिहू नका. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाला डब्याच्या आडून कोणताही प्रचार चालत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. तपासणारा स्वयंसेवक ते परत पाठवतो. पक्षी कसा आला आणि त्याने काय बदललं, एवढं सांगितलं की पुरतं.

सहलीच्या दिवशी

सूर्योदयानंतरचे पहिले दोन तास पक्ष्यांसाठी सर्वांत चांगले. पोपटांची वस्ती दाखवायची असेल तर उलट करा: शेवटचा टप्पा सूर्यास्ताआधी अर्धा तास संपेल असं गणित बसवा आणि झाडांपासून लांब उभे राहा. गट चार-पाच जणांचा. त्याहून मोठा झाला की पुढचे दोघं शोधतात आणि बाकीचे गप्पा मारतात. दुर्बीण ८×४२ ची, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवलेले, आणि पॉवरबँक. जीपीएस सुरू ठेवून स्क्रीन सतत पेटती राहिली की बॅटरी झपाट्याने उतरते.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो आकडे टाकताना. १२° ३४.५६७′ हे कोणी १२.३४५६७ अंश असं टाकलं तर जागा सुमारे २५ किलोमीटर सरकते. ही चूक निदान लगेच कळते. जास्त फसवी चूक म्हणजे ३४.५६७ मिनिटांना ३४ मिनिटं ५६.७ सेकंद समजणं. त्यात फरक फक्त ७०० मीटरचा पडतो, जागा त्याच उद्यानात दिसते आणि लोक तासभर चुकीचं झुडूप उलथापालथ करत बसतात. माहितीपत्रकावर दशांश मिनिटांची पद्धत ठळक लिहा आणि पहिला टप्पा सगळ्यांनी एकत्र करा. सेटिंगमधली चूक तिथेच सापडते.

फोनची अचूकता मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटर असते. दाट झाडीत किंवा उंच भिंतींजवळ संकेत आपटून येतात आणि बाण नाचायला लागतो. अशा वेळी वीस-तीस मीटर मागे जाऊन दुसऱ्या दिशेने पुन्हा या. दोन्ही वाटा जिथे मिळतात तिथे शोध सुरू करा. शेवटच्या दहा मीटरला फोन खिशात टाका आणि ‘मी असतो तर कुठे लपवला असता?’ असं बघा: नको इतक्या नीट रचलेल्या काड्या, जागेला न शोभणारा दगड. डबा ठेवणाऱ्यानेही एका वाचनावर भागवू नये. वेगवेगळ्या दिवशी तीन-चार वेळा जाऊन सरासरी काढावी, कारण उपग्रहांची मांडणी दर वेळी निराळी असते.

पक्षी बोलवायला फोनवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या काळात पक्षी घरटं सोडून प्रतिस्पर्ध्याला शोधत फिरतो, आणि जवळपासचे स्थानिक पक्षीही बिथरतात. खाऊही घालू नका. दाण्यावर आधी पोचतात ते बहुधा पोपट, साळुंक्या आणि पारवेच. मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, ठिकाण टिपून उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवायचं.

ट्रॅकेबल, आणि सहलीनंतरचं काम

या विषयाला खास साजेशी एक गोष्ट म्हणजे ट्रॅकेबल: क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला, जो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करतो आणि त्याचा मार्ग नकाशावर उमटतो. त्याला छोटा खेळण्यातला पक्षी अडकवा आणि उद्दिष्ट द्या, उदाहरणार्थ ‘दक्षिण आशियातून निघून मेलबर्नला पोचायचं’. साळुंकीचा प्रवास नकाशावर पुन्हा घडतो. बिल्ल्यावर ‘हा ठेवून घेण्यासाठी नाही, पुढच्या डब्यात न्या’ अशी चिठ्ठी हवीच, नाहीतर नवखे लोक भेटवस्तू समजून घरी नेतात.

सहल संपली तरी डबा तिथेच राहतो आणि त्याची जबाबदारी ठेवणाऱ्याची असते. दोन-तीन महिन्यांनी एक फेरी मारा: ओली वही बदलायची, झाकणाची पट्टी पुसायची, फलक अजून आहे का आणि बोल्ट अजून तेवढेच आहेत का ते पाहायचं. उद्यानवाल्यांनी फलक बदलला की आपला ग रातोरात बदलतो आणि ‘सापडला नाही’ अशा नोंदी येऊ लागतात. अशा दोन नोंदी लागोपाठ आल्या तर डबा तात्पुरता बंद असल्याचं जाहीर करा आणि जाऊन पाहून या. विणीच्या हंगामात जवळ घरटं दिसलं तरी हेच करायचं. युरोपात स्थिरावलेले पोपट बऱ्याच स्थानिक पक्ष्यांच्या आधी, हिवाळा सरता सरताच अंडी घालायला लागतात. त्यामुळे तिथे वसंताची वाट पाहून डबा बंद केला तर उशीर झालेला असतो.